दोन नवरदेवांचं पीठ

आमच्या चीजच्या कारखान्यात कुणाचं लग्न ठरलं, की रजेवर जाण्याआधीची शेवटची पाळी संपताच त्याला फाटकाबाहेर धरायचं, विजेच्या खांबाला बांधायचं आणि पीठ, अंडी, माते नावाच्या आमच्या चहाचा चोथा, जे हाताला लागेल ते डोक्यावर ओतायचं. नवरीला हात लावायचा नाही, पण नवरदेवाला सोडायचं नाही, हा नियम. नियम करणारा आणि दोर आणणारा एकच, एवारिस्तो बोनफांती. माझ्या नवऱ्यालाही त्यानेच बांधलं होतं. त्याच्या कानातलं पीठ काढताना माझ्या नाकी नऊ आले होते.

एवारिस्तो स्वतः मात्र कोरडाच राहिला. नेलिदो न्हाव्याबरोबरचा त्याचा संसार आमच्यापैकी बहुतेकांच्या संसारापेक्षा जुना. सगळ्या गावाला माहीत, पण त्यावर बोलायचं नाही. आम्हा सगळ्यांच्या नवऱ्याबायकांना युनियनच्या दवाखान्याचं कार्ड होतं, नेलिदोला नव्हतं. मोतीबिंदूने त्याची नजर गेली तशी गिऱ्हाइकंही जायला लागली, आणि तो सरकारी इस्पितळाच्या रांगेत ताटकळत राहिला. माझा नवरा साध्या सर्दीला कार्ड घेऊन धावायचा. मला त्याचा भयंकर राग यायचा, नवऱ्याचा नाही, त्या कार्डाचा.

मग जुलैत कायदा झाला, दोन पुरुषांनाही लग्न करता येईल असा. रेडिओवर बातमी ऐकली आणि मी जी सायकल हाणली ती थेट कारखान्यात. एवारिस्तो मिठाच्या पाण्याच्या हौदाशी उभा राहून शांतपणे चीज उलटत होता.

"ऐकलंस ना रे?"

"ऐकलं."

"मग कधी करताय?"

"करू, कार्डापुरतं. नेलिदोच्या डोळ्यांचं मार्गी लागेल. गाजावाजा नको, ग्रिसेल्दा."

"बरं, नको. पण ऑफिसात मी येणार. तू एकटा गेलास तर माफी मागून परत येशील."

ऑफिसातल्या लुकेसीसाहेबांनी लग्नाच्या रजेचं ऐकलं आणि सवयीने पेन उघडून विचारलं, "बायकोचं नाव?" मग त्यांचं त्यांनाच कळलं. कानापर्यंत लाल झाले बिचारे.

"नेलिदो ओहेदा," एवारिस्तो म्हणाला. "बायको नाही साहेब. नवरा."

कारखान्याच्या छताखाली हा शब्द त्याने पहिल्यांदा उच्चारला. मला तिथेच नाचावंसं वाटलं.

"आणि त्याचं कार्ड?" मी मध्येच तोंड घातलं.

"लग्नाचा दाखला आणा, मिळेल. इतरांना मिळतं तसंच," साहेब म्हणाले. "रजा दहा दिवसांची. तीही इतरांसारखीच."

इतरांसारखीच. जिना उतरताना एवारिस्तो हे दोनदा स्वतःशी पुटपुटला.

शेवटच्या पाळीला तो आला तो फाटक्या स्वेटरात आणि ठिगळाच्या पँटीत. एरवी हा माणूस कारखान्यातसुद्धा इस्त्री करून येतो.

"हे काय ध्यान?"

"बाकीचे धुवायला टाकलेत."

त्या दिवशी जुने कपडे का घालतात हे आमच्याकडे शाळेतलं पोरही सांगेल. गाजावाजा नको म्हणणारा हा माणूस पिठाची वाट बघत होता. आणि बाकीचे? एकजण मान वर करेल तर शपथ. जेवायच्या सुट्टीत नुसतं फुटबॉल. बॉयलरवरच्या ओस्मारला मी कोपऱ्यात गाठलं.

"पीठ आणलंय ना?"

"कसलं पीठ?" म्हणाला आणि चालायला लागला. याच्या तोंडाला एरवी कुलूप नसतं. त्याला बॉयलरमध्ये ढकलावं असं मला मनापासून वाटलं.

पाळी सुटली. एवारिस्तोने हात धुवायला फार वेळ लावला. आम्ही फाटकाबाहेर आलो तर खांबापाशी चिटपाखरू नव्हतं. तो थोडा वेळ थांबला. मग म्हणाला, "बरं झालं. थंडी आहे."

तेवढ्यात कोपऱ्यावरून भोंगा वाजवत ओस्मारचा ट्रक आला. मागच्या फाटकाने सटकलेली अख्खी पाळी त्यात कोंबलेली, आणि मधोमध न्हाव्याचा एप्रन घातलेला नेलिदो, हातात अजून कंगवा.

"म्हाताऱ्या, उशीर झाला," ओस्मार ओरडला. "तुझा नवरा गिऱ्हाईक सोडेना. अर्ध्या डोक्यावर उठवून आणलाय."

"त्याला कशाला आणलंत रे?"

"नवरदेवाला सोडायचं नाही, हा नियम तुझाच ना? मग इथं दोन आहेत. मोज."

पुढचं काय सांगू. दोघांना पाठीला पाठ लावून खांबाला बांधलं. पिठाची पोतीच्या पोती फुटली. "गाठ ढिली आहे, सुटेल," म्हणून एवारिस्तोच खेकसला, तेव्हा परत आवळली. लुकेसीसाहेबांनी कोटाच्या खिशातून एक अंडं काढून फेकलं, ते ओस्मारला लागलं. मी हसत होते की रडत होते, माझं मलाच कळत नव्हतं.

नेलिदोच्या चष्म्यावर पिठाचा थर बसला होता. मान वळवून तो म्हणाला, "एवा, मला काही दिसत नाही. कोण कोण आलंय?"

एवारिस्तोने सगळ्यांवरून नजर फिरवली.

"सगळे," तो म्हणाला.