कमानीच्या जीपची पाठ

तिला सगळे कमानी म्हणत. गाडीच्या चाकावर पोलादी पट्ट्यांची कमान असते. ओझं पडलं की ती दबते आणि ओझं उतरलं की पुन्हा उभी राहते. ही बाई तशीच होती. अंगाने काटकुळी, पण वाकली तरी मोडायची नाही. एका म्हाताऱ्या ट्रकवाल्याने हे नाव ठेवलं आणि ते असं चिकटलं, की तिचा नवरासुद्धा खऱ्या नावाने हाक मारायचा ती फक्त रागावल्यावर.

उमेदीची सगळी वर्षं तिने दुसऱ्यांच्या गाड्या हाकण्यात घालवली. आधी विटांचा ट्रक, मग शाळेची बस, शेवटी पाण्याचा टँकर. गावाच्या पलीकडे एक रुंद, कोरडं नदीपात्र होतं. पलीकडच्या टेकडीवरच्या वस्त्यांना जायचं तर त्यातूनच जावं लागे. वरून पाहिलं तर पिठासारखी मऊ, गोरी वाळू. आत चाक गेलं की मात्र ती गाडी गिळायला बसलेली. एकदा कमानीचा भरलेला टँकर तिथे आसापर्यंत रुतला. ती कपाळाला हात लावून टपावर बसलेली असताना काठावरून पाच गाड्या धुरळा उडवत खाली आल्या. कोणी हसलं नाही, कोणी उपदेश केला नाही. एकाने ओढायचा पट्टा टाकला, दुसऱ्याने इशारा केला, आणि तो अवाढव्य टँकर लोण्यातून सुरी काढावी तसा वाळूतून वर आला. ते होतं ओढपथक. गावातल्याच लोकांचं, आपापल्या गाड्यांचं.

त्या दिवशी कमानीने मनाशी ठरवलं, की आपण रुतणाऱ्यांत राहायचं नाही, ओढणाऱ्यांत जायचं.

पण पथकात गाड्या पाचच. वाळूत त्याहून जास्त गर्दी झाली तर एकमेकांनाच ओढत बसावं लागेल, असं पथकाचा प्रमुख म्हणे. त्याला सगळे कॅप्टन म्हणत. जागा रिकामी झाली तरच नवी गाडी. आणि ती जागा यंदा रिकामी झाली, कारण एका जुन्या गड्याने गाडी विकून लेकीकडे जायचं ठरवलं. कमानीच्या दारात तेव्हा नुकतीच तिची स्वतःची जीप येऊन उभी होती. जुनी, चारही चाकांनी ओढणारी, रंग उडालेली, पण इंजिन असं की ऐकत राहावं. तिने कॅप्टनला गाठलं.

"रविवारी सकाळी पात्रात ये," तो म्हणाला. "आधी तुझी गाडी पुरू आणि मागून ओढून काढू. मग तू आमची काढायची. काही निखळलं, तर जागा दुसऱ्याला. मागे कोणीतरी टपलेलंच आहे."

"निखळायला मी काय दुधाचा दात आहे?" कमानी म्हणाली, पण घरी येताच ती आधी जीपच्या मागे जाऊन उभी राहिली. कारण जीपची पाठच धड नव्हती. मागचा बंपर गंजून पापडासारखा झालेला, आणि पट्टा अडकवायला हूक एकही नाही.

कमानीचा नवरा शिंपी. त्याला गावात मास्तर म्हणत. शांत माणूस, खडूचा तुकडा कानामागे, टेप गळ्यात. गाड्यांतलं त्याला ओ की ठो कळत नसे, पण बायकोचा उत्साह त्याला तापासारखा लागायचा. दुसऱ्याच दिवशी दोघं त्याच्या बहिणीच्या दुकानात गेली. कमानीच्या या नणंदेचं गाड्यांच्या सामानाचं दुकान होतं, आणि जिभेचं दुकान त्याहून मोठं.

"या वहिनी! आज टँकर नाही, सवारी पायीच?"

"वन्सं, थट्टा नंतर. मागचा बंपर दाखवा."

नणंदेने पडदा सारला. भिंतीला एक बंपर टेकवून ठेवला होता. काळाभोर, चकचकीत, दोन टोकांना दोन लालभडक हूक. कमानीने त्यावरून हात फिरवला, वाकून त्यात आपला चेहरा पाहिला, पदर नीट केला.

"हाच," ती म्हणाली.

"मी म्हटलंच होतं, आमच्या वहिनीची नजर उंची!"

मास्तर मात्र बंपरच्या मागे हात घालून चाचपत होता, गिऱ्हाइकाच्या कोटाची आतली बाजू चाचपावी तसा.

"अगं, याला मागे काहीच नाही."

"दादा, तू विजारी शीव," नणंद म्हणाली.

"विजारीच शिवतो. म्हणून सांगतो. जाड कोटाला मोठं बटण लावताना आतून दुसरं छोटं बटण लावतात, नाहीतर पहिल्या ओढीला कापडासकट हातात येतं. हा हूक नुसत्या पत्र्याला डकवलाय. गाडी याला धरून ओढायची ना? मग ओढ कुणाच्या अंगावर येणार, पत्र्याच्या?"

कमानी खाली बसली, मागून पाहिलं, आणि तिच्या तोंडावरचा रंग उतरला. खरंच होतं. हूक सुंदर होता, आणि बिनबुडाचा होता. तिने ट्रकवर असताना असा एक हूक सुटताना पाहिला होता. तो गोफणीतल्या दगडासारखा गेला आणि समोरच्या भिंतीत रुतला. समोर माणूस नव्हता, हेच नशीब.

"वन्सं, राग मानू नका. शोभेला उत्तम आहे. पण मला ओढायचं आहे."

"मानला राग," नणंद म्हणाली. "रविवारी मीच येते पात्रात. बघू शिंप्याचा बंपर कसा दिसतो."

तिथून दोघं थेट वेल्डरकडे. वेल्डर म्हणजे डोळ्यांवर काळा चष्मा आणि तोंडात कायम गाणं. त्याने जीपखाली फळी टाकली, कमानी त्याच्या शेजारी आडवी झाली, आणि दोघांनी गाडीचा सांगाडा बोटांनी वाचायला घेतला. त्या लांब पोलादी दांड्यांवरच सगळी गाडी उभी असते. त्यांच्या मागच्या टोकांना कंपनीनेच पाडलेली भोकं होती.

"ताई, इथे. जाड प्लेट आतून, जाड प्लेट बाहेरून, मधून पक्के बोल्ट. हूक थेट सांगाड्याला. बंपर नुसता त्याच्यावरचा सदरा."

"सदरा म्हटलं की माझं काम," मास्तर बाहेरून म्हणाला.

त्यानंतरचे दिवस त्या घरात लगीनघाई असल्यासारखे गेले. हुकांचं माप वेल्डरने आणि कमानीने थेट लोखंडावरून घेतलं आणि ते बनलेही. बंपरचा साचा मात्र मास्तरने घेतला पुठ्ठ्याचा. खोलीभर पुठ्ठे, जमिनीवर खडूच्या रेघा, कात्रीचा कच्च कच्च आवाज. जीपच्या मागे गुडघ्यांवर बसून तो टाचण्या लावी, मागे सरके, मान तिरकी करी.

"जरा पोटाशी घेऊ का?"

"अहो, ती जीप आहे, नवरदेव नाही!"

"पाठ चांगली आहे हिची. झाकायची कशाला, उठून दिसली पाहिजे."

कमानी हसून हसून पुठ्ठ्यांवरच बसली. इतकी मजा तिला कित्येक वर्षांत आली नव्हती. शेजारपाजारचे डोकावून जात. कोणी विचारी, मास्तर, गाडीला बाह्या अर्ध्या की पूर्ण?

शनिवारी दुपारी वेल्डरने तयार बंपर आणला आणि बसवला. हुकांची तोंडं त्याच्या खाचांमधून बाहेर आली होती. करडा रंग, सरळ कडा, एक रेघ इकडची तिकडे नाही. तिघंही चार पावलं मागे सरली आणि बघत उभी राहिली. कमानीच्या डोळ्यांत पाणी आलं. माझी गाडी, ती मनात म्हणाली, ही माझी गाडी.

मग पट्टा आत ठेवायला तिने मागचं दार ओढलं. ठक्क.

दार वीतभर उघडलं आणि खालच्या कडेने बंपरवर अडलं. तिने पुन्हा ओढलं. ठक्क. वेल्डरचं गाणं थांबलं.

"मी पुठ्ठ्याबरहुकूम कापलंय," तो म्हणाला. "केसाचाही फरक नाही."

मास्तर पुढे आला. त्याने टेप लावली. एकदा, दोनदा. मग त्याचा हात कानामागच्या खडूकडे गेला आणि तिथेच राहिला.

"माया," तो अगदी हळू म्हणाला.

"कसली माया?"

"शिवणीत दुमडायला चहूबाजूंनी जास्तीचं कापड सोडतात ती. दोन बोटं सोडली मी. हाताला सवयच आहे गं. ती आत दुमडायची असते."

वेल्डरने बंपरवर बुक्की मारली. "घ्या मास्तर, दुमडा!"

कमानीच्या नाकातून एक फुसका आवाज आला, आणि तिघंही पोट धरून हसायला लागली. मास्तर हसताहसता रडकुंडीला आला होता. उद्या सकाळी चाचणी, आणि वेल्डरकडे कापायचा गॅस संपलेला. सोमवारशिवाय नवी टाकी मिळायची नाही.

कमानी डोळे पुसत जमिनीवर पालथी झाली आणि गाडीच्या बुडाखालून पाहू लागली. तिचं हसू ओसरलं. ती जास्तीची दोन बोटं खालीही लोंबत होती. नदीचा काठ म्हणजे उभा चढ होता. पुढची चाकं वर चढली की गाडीचं शेपूट खाली येतं, आणि हे लोखंड काठात नांगरासारखं घुसलं असतं.

ती उठली. बंपरकडे एकदा डोळे भरून पाहिलं. उद्या सगळा गाव बघणार, पथक बघणार, नणंद तर खास बघायला येणार. नव्या सुनेसारखी नटलेली गाडी घेऊन जायचं तिच्या मनात होतं.

"काढा," ती म्हणाली.

"काय काढू?"

"बंपर. हूक राहू द्या. आपल्याला ओढायचं आहे. मिरवायला पुढे जन्म पडलाय."

रविवारी सकाळी पात्रात धुरळा आणि माणसं दोन्ही जमली होती. जीपची पाठ उघडीबोडकी, आणि त्यातून दोन जाड हूक बैलाच्या शिंगांसारखे बाहेर आलेले.

"अगं बाई," नणंद ओरडली, "वहिनी, शिंप्याची बायको असून गाडी अशी?"

"वन्सं, उकडत होतं तिला!"

माणसं हसली. कॅप्टन हसला नाही. तो खाली वाकला, हुकांच्या प्लेटा पाहिल्या, हातोडीने प्रत्येक बोल्टवर टणटण वाजवून कान दिला. मग नुसतं "हूं" म्हणाला. त्या एका हुंकाराने कमानीच्या अंगावर मूठभर मांस चढलं.

जीप वाळूत पुरली. पट्टा लागला, पट्ट्यावर ओलं जाड गोणपाट टाकलं, म्हणजे तुटलाच तर उसळणार नाही. सगळ्यांना लांब हटवलं. कॅप्टनच्या ट्रकने ओढ घेतली. हूक कुरकुरले नाहीत की हलले नाहीत. जीप उलटी सरकत सुटली. मग तिने स्वतःच्या ताकदीने काठ चढून दाखवला. शेपूट मातीपासून जेमतेम बोटभर वरून गेलं. मास्तरने डोळे मिटले होते.

"आता तू," कॅप्टन म्हणाला, आणि आपला ट्रक मुद्दाम सर्वांत मऊ जागी नेऊन गाडला.

दोन्ही हुकांना मिळून पट्टा बांधला, म्हणजे ओढ दोघांवर सारखी. कमानी बसली. पहिल्या ओढीला जीपची चाकं गरगरली आणि खड्डा करू लागली. काठावर कोणीतरी "गेली!" म्हणालं. तिने लगेच ॲक्सिलरेटरवरचा पाय काढला. ती उतरली, चारही चाकांची थोडी हवा सोडली, जीप पट्ट्याच्या अगदी सरळ रेषेत घेतली आणि पुन्हा बसली. या खेपेला घाई नाही. पट्टा ताणला, आणखी ताणला, तारेसारखा झाला. जीप थरथरली. वाळू चाकांखालून मागे वाहू लागली. आणि मग तिला ते जाणवलं, पाठीत, मणक्यात. मागचं ते मोठं वजन हललं. बोटभर. हातभर. ट्रक वाळू फोडून वर येत होता, आणि कमानी एकटीच गाडीत मोठमोठ्याने ओरडत होती, "ये, ये, ये माझ्या राजा, ये!"

काठावर एकच गलका झाला. नणंद शिट्टी वाजवत होती, तीही दोन बोटं तोंडात घालून. मास्तर पळत खाली येताना धडपडला आणि वाळूतच बसला.

कॅप्टन ट्रकमधून उतरला, चष्म्यावरची धूळ पुसली, आणि पुन्हा हातोडी घेऊन एकेक बोल्ट वाजवत गेला. कमानी श्वास रोखून उभी. शेवटचा बोल्टही स्वच्छ वाजला.

"परत निघताना आम्ही ओळीने जातो," तो म्हणाला. "पहिली माझी, माझ्यामागे दुसरी गाडी तुझी. आणि ऐक, अंतर ठेव. तू ओढताना फार ओरडतेस."

कमानी जीपमध्ये चढली आणि किल्ली फिरवली. पाच गाड्या एकामागून एक काठ चढू लागल्या, आणि दुसरीचा हॉर्न थांबायचं नाव घेईना.