आमाच्या मक्यातली मुकादमीण

मुकादमीण तुमच्याशी बोलायला उभी राहिली की थोड्या वेळानं तिचा चेहरा समोरून गायब व्हायचा. खाली बघावं तर बाई उकिडवी बसलेली आणि तुमच्या पायाजवळचं गवत उपटायला लागलेली. बोलणं मात्र तुटायचं नाही. राजूरच्या बसस्टँडवर, लग्नाच्या मांडवामागं, दवाखान्याच्या पायरीशी, जिथं दोन काड्या हिरव्या दिसल्या तिथं तिचा हात गेलाच. नेपाळला निघालो त्या दिवशी गाडी येईपर्यंत तिनं जालना स्टेशनच्या फलाटावर फरशीच्या फटीतलं गाजरगवत काढून बाजूला ढीग लावला होता. तिकीट बघणारा माणूस ढिगाकडं आणि तिच्याकडं बघत राहिला. ती म्हणाली, "बसून काय करू? गाडी तुमचीच लेट हाय."

ती आमच्याच बौद्धवाड्यातली. आठ बायांची तिची टोळी. कपाशीच्या, मिरचीच्या बियाण्याचे प्लॉट जिथं असतील तिथं ती टोळी जायची. बाकीचे मुकादम धुऱ्यावर, म्हणजे शेताच्या बांधावर, छत्री घेऊन उभे राहतात, हे तुम्ही पाहिलंच असेल. ही पहिली पात स्वतः धरायची. पात म्हणजे खुरपताना एकेकीच्या वाट्याला येणारी पट्टी. तिच्या टोळीचा एक कायदा होता. जिची पात आधी सरेल तिनं धुऱ्यावर टेकायचं नाही. मागं पडलेल्या बाईच्या पातीला समोरच्या टोकाकडून लागायचं आणि दोघींनी मधी भेटायचं. त्यामुळं तिच्या टोळीत मागं पडलेली बाई कधी एकटी दिसली नाही.

नेपाळचं कसं ठरलं ते सांगतो. आमच्या विहाराचं काम बघणारे एक निवृत्त सर आहेत. त्यांच्या ओळखीतून कळलं, की तिकडं डोंगरातल्या एका गावात दरड येऊन शाळेची मागची भिंत पडली आहे, पोरं एका गोठ्यात बसून शिकतात. सरांनी सभेत विचारलं, कोण येतं श्रमदानाला? मी हात वर केला. माझं शिक्षण तिसरी, पण चुना-सिमेंट न लावता दगडावर दगड बसवायचा असेल तर भोकरदन तालुक्यात लोक अजून माझं नाव घेतात. मुकादमिणीनंही हात वर केला, तिच्या मागोमाग तिच्या टोळीनंही. मी म्हणालो, बायांचं तिथं काय काम, दगडाचं काम आहे. ती बसल्या जागेवरून म्हणाली, "दगड काय तुमच्यापाशी चालत येणार हायेत का, मिस्त्रीदादा?" सभा हसली. मला ते आवडलं नव्हतं.

गोरखपूरपर्यंत रेल्वे, पुढं बस, मग सीमेचा नाका. तिथं शिपायानं पिशव्या उघडायला लावल्या तर आठ पिशव्यांतून आठ खुरपी निघाली. हे कशाला, असं त्यानं विचारलं. मुकादमिणीला हिंदी जेमतेम यायची. ती रस्त्याच्या कडेला खाली बसली आणि हातभर जागा साफ करून दाखवली. शिपायानं खुरपी परत दिली. पलीकडं गेल्यावर तिनं इकडंतिकडं बघितलं. तशाच रिक्षा, तशीच भजी. "हेच का फॉरेन?" ती म्हणाली. "उगाच नवं लुगडं नेसून आले."

डोंगरातल्या गावात पोचलो तेव्हा पाऊस लागलेला. श्रावण संपत आला होता. एका एकट्या म्हातारीनं आम्हाला तिच्या माडीवर जागा दिली. तिकडं आईला आमा म्हणतात, आम्हीही तिला आमाच म्हणायला लागलो. पायाच्या खड्ड्यात पाणी साचलं होतं, त्यामुळं भिंतीचं काम दोन दिवस लांबलं. बाया अस्वस्थ झाल्या. फुकटचं खायची त्यांना सवय नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी पाऊस थांबला आणि आमा आमच्यासाठीच मीठ-तेल आणायला खालच्या बाजारात गेली. मुकादमीण म्हणाली, ती यायच्या आत तिचं शेत चकाचक करून ठेवू.

शेत घरामागंच, पायऱ्यापायऱ्यांचं. डोक्याएवढा मका, आणि मक्याच्या खाली सगळीकडं बोटभर, वीतभर गवत. मी बांधावर उभा होतो. मुकादमीण वाकली, एक काडी मुळासकट उपटून बघितली आणि थांबली. तिचा हात गवतापाशी थांबलेला मी पहिल्यांदा पाहिला.

"मिस्त्रीदादा, हे लावल्यावानी दिसून राह्यलंय. आमा येऊ द्या, इचारू."

मी म्हणालो, "पन्नास वर्षं शेती बघितली मी. मक्यात मका सोडून जे उगवतं ते गवत. बिलकुल उपटा."

मी वयानं मोठा. तिनं पात धरली. दुपारपर्यंत तीन पायऱ्या अशा साफ झाल्या, की खाली पडलेली सुई सापडावी.

आमा पाठीवर टोपली घेऊन वर आली. शेत बघितलं आणि टोपली न उतरवताच बांधावर खाली बसली. ती रडली नाही, ओरडलीही नाही. "कोदो," एवढंच दोनतीनदा म्हणाली. शाळेतली बाई धावत आली, तिनं हिंदीत समजावलं. कोदो म्हणजे नाचणी. तिकडं नाचणीचं रोप तयार करतात आणि उभ्या मक्याच्या खाली एकेक काडी लावतात. मका निघाला की तीच नाचणी वाढते, आणि त्या पिठावर वर्ष निघतं. आमानं ती एकटीनं पंधरा दिवस पावसात वाकून लावली होती. गावात आता रोप शिल्लक नव्हतं. आमच्या जिल्ह्यात नाचणी कोण लावतं? पण हे काही कारण झालं नाही.

सर तापले. कोणी सांगितलं होतं उपटायला, असं त्यांनी विचारलं. मी तोंड उघडायच्या आत मुकादमीण पुढं झाली.

"टोळी माझी हाय. माझ्या शब्दाबिगर माझ्या बाया कशाला हात लावत न्हाईत. काय बोलायचं ते मला बोला."

सर म्हणाले, उद्या सकाळी जीप येईल, सगळ्यांनी खाली उतरायचं, आपण इथं मदतीला आलो होतो. शाळेची भिंतही गेली आणि आमाचं वर्षही गेलं, असं सगळ्यांनी धरलंच होतं. मुकादमीण तोवर बांधावरच्या ढिगापाशी जाऊन बसली होती. तिनं ढिगात खोलवर हात घातला. "मुळ्या ओल्या हायेत," ती म्हणाली. "आभाळबी हाय. मिरचीचं रोप एक दिवस पोत्यात राहून जगतं, मंग हे का जगू नये? जीप उभी राहील घटकाभर."

मग ती आमासमोर गेली, खाली बसली, आणि ढिगातल्या दोन काड्या तिच्यापुढं धरल्या. कोणती? आमानं तिच्याकडं बघितलंच नाही. ती तशीच हात पुढं करून बसून राहिली. बऱ्याच वेळानं आमानं एका काडीला बोट लावलं. मुकादमिणीनं त्या काडीचं बूड चाचपलं, पान उलटंपालटं करून बघितलं, पुढची दोन धरली. दहाव्या वेळेला तिनं स्वतःच ओळखली आणि आमानं मान हलवली.

पुढं जे झालं ते मी डोळ्यांनी पाहिलंय म्हणून सांगतो, नाहीतर माझाही विश्वास बसला नसता. दोन बाया निवडायला, दोघी शेण-माती कालवून त्यात मुळ्या बुडवायला, चौघी लावायला. मोठ्या माणसांना तिनं नावं घेऊन कामाला लावलं. सरांना पेंढ्या वाहायला लावलं आणि ते वाहायला लागलेही. मला म्हणाली, "तुम्ही दोन बायांच्या मधी. नजरेसमोर." गावातल्या बाया आधी बांधावर उभ्या राहून तमाशा बघत होत्या. मग एकजण खाली उतरली, मग सगळ्याच.

साहजिकच मी मागं पडलो. माझे गुडघे दगडाच्या कामाचे, चिखलात वाकायचे नव्हेत. माझ्या दोन्ही बाजूच्या बाया पुढं गेल्या. मान वर केली तर माझ्या पातीच्या दुसऱ्या टोकाकडून मुकादमीण लावत लावत माझ्याकडं येत होती. आमची डोकी टेकतील इतक्या जवळ आलो तेव्हा मी हळूच म्हणालो, "बाई, चूक माझी होती. सरांना सांगतो."

"म्हाईत हाय मला," ती म्हणाली. हात थांबला नाही. "पण आता बोलू नका. मुकादमानं दुसऱ्याचं नाव पुढं केलं की टोळी उद्या त्याचंच ऐकती. तुमचं ऐकून काय झालं ते दिसून राह्यलंय. रोप सरळ लावा, वाकडं लावलंय."

मला आयुष्यात कोणी वाकडं लावलंय म्हणालं नव्हतं. मी ते उपटून सरळ लावलं.

अंधार पडेपर्यंत दोन पायऱ्या झाल्या, तिसरी सकाळी झाली. जीप आली आणि रिकामी गेली. आमानं शाळेतल्या बाईमार्फत सांगितलं होतं, की रोप धरतं का न धरतं हे कळेपर्यंत कोणी जायचं नाही. चौथ्या दिवशी ऊन पडलं आणि सगळ्या पानांनी माना टाकल्या. त्या दिवशी मुकादमीण जेवली नाही. ऊन तापलं की ती पाण्याचा हंडा घेऊन पायऱ्या उतरायची, भांड्याभांड्यानं मुळाशी पाणी घालायची. बाया म्हणाल्या, आक्का, आता जगायचं ते जगंल. ती म्हणाली, "जगंल न्हाई, जगवायचं हाय."

सहाव्या दिवशी सकाळी आमा शेतात उतरली. आम्ही सगळे बांधावर. तिनं एक रोप धरलं आणि ओढलं. ते आलं नाही. दुसऱ्या पायरीवर जाऊन ओढलं, तिथंही नाही. तिसऱ्या पायरीवर तिनं जरा जोरानं हिसका दिला, रोप ताठ उभंच राहिलं आणि आमाच मागं सरकली. मग ती हसली. पहिल्यांदा हसली. मुकादमिणीचा चिखलाचा हात तिनं आपल्या दोन्ही हातांत धरला आणि तिला घरात घेऊन गेली. आम्ही बाहेरच राहिलो. आम्हाला कोणी बोलावलं नाही आणि त्याचं कोणाला वाईटही वाटलं नाही.

दुसऱ्या दिवशी गावातली माणसं न सांगता दगड घेऊन यायला लागली. आमच्या बाया त्यांच्या शेतात गेल्या, त्यांचे पुरुष आमच्या भिंतीवर आले. मुकादमीण म्हणाली, ही तर आपली इर्जिक झाली. मी भिंत बांधली. आठ दिवस धरले होते, पाचव्या दिवशी माथ्याचा दगड बसला. आजही ती उभी आहे, शाळेतली बाई मोबाइलवर फोटो पाठवते. त्या वर्षी आमाच्या घरात नाचणी किती आली विचारलं, तर उत्तर आलं, कणगीला झाकण लागेना इतकी.

गावी आल्यावर सरांनी विहारात सगळी हकिकत सांगितली. मुकादमिणीनं चुकून पीक उपटलं आणि मुकादमिणीनंच परत लावलं, अशी. लोक तिला चिडवायचे, मक्यातलं गवत म्हणायचे. ती हसायची. मी गप्प बसायचो. तिनंच बोलू नका म्हटलं होतं, हे खरं. पण ते मला सोयीचंही होतं, हेही लिहून टाकतो.

गेल्या माघात ती थोड्याशा आजारानं गेली. पुण्यानुमोदनाला मांडव भरला होता. सर बोलले, त्यांनी पुन्हा तीच हकिकत सांगितली. मी कधी सभेत बोललेलो नव्हतो. उठलो, माईक न घेताच म्हणालो, ते गवत आहे असं मी सांगितलं होतं. ती नको म्हणत होती. बाकी सगळं तिनं केलं. आणि खाली बसलो.

 मग टोळीतली एक बाई डोळे पुसत मोठ्यानं म्हणाली, "लई जल्दी बोलले, मिस्त्रीबाबा. आम्हा समद्या बायांना तवाच ठाव होतं."

सगळा मांडव हसला. सर हसले, तिची पोरगी रडता रडता हसली, मीही हसलो. लोक बराच वेळ तिच्याबद्दल बोलत राहिले, आणि त्या दिवसापासून आमच्या गावात ती हकिकत बराबर सांगतात.