दोन्ही पाकळ्या

आटपाडीच्या स्टँडवर आबांनी माझी पिशवी स्वतःच्या हातानं एसटीत ठेवली आणि खाली उतरून एवढंच बोलले, "देवाची आज्ञा हाय, मायाप्पा. मागं वळून बघायचं न्हाई." आई तेवढंही बोलली नाही. माझ्या टॉवेलच्या टोकाला भंडारा बांधून ती बाजूला झाली. मी एकोणीस वर्षांचा घोडा, आणि मिरजेपर्यंत रडत गेलो. मला जायचंच नव्हतं!

जायचं होतं सिदूला, माझ्या धाकट्या भावाला. आमच्या भागातली पोरं सोनं-चांदी गाळायला मुलुखभर जातात, तसा तो केव्हाचा तयार होता. मला मेंढरंच बरी वाटायची. पण आबा बिरोबाचे पुजारी, देवाला विचारल्याशिवाय आमच्या घरात पान हलत नव्हतं. त्यांनी कौल लावला. मूर्तीच्या दोन्ही खांद्यांवर एकेक ओली पाकळी चिकटवायची. उजवी आधी पडली तर होकार, डावी पडली तर नकार. "थोरल्यानं जावं का?" असं आबा विचारताहेत तोवर उजवी टपकन खाली! सिदू माझ्याशी चार दिवस बोलला नाही, जणू मीच ती ढकलली होती.

तेव्हापासून कोइमतूर. भट्टी, तेजाबाचा धूर आणि न जाणारा खोकला. पुढं स्वतःचं दुकान झालं, लग्न झालं, पोरगी झाली. ती मला हाक मारते, "अप्पा, सीक्रम या," म्हणजे लवकर या. त्यातलं सीक्रम तमिळ, पण मला ते मराठीच वाटतं. माझ्यासारखे गाव सोडून गेलेले तुम्ही सगळे हे ओळखाल. खरं सांगू का, देवाची आज्ञा मी एक दिवसही आनंदानं पाळली नाही. जरा काही बिनसलं की भट्टीपुढं बसून बिरोबाला शिव्या घालायचो, तूच धाडलंस ना, आता बघ माझे हाल. पण धाडलं त्यानं, एवढं पक्कं होतं. तेवढ्यावर तर मी टिकलो.

या फाल्गुनात आबा गेले. पूजा थोरल्याकडे जायची रीत. इतके महिने सिदूच सगळं बघतोय, पण गावातली जाणती माणसं म्हणाली, थोरल्यानं येऊन देव हाती घ्यावा, नाहीतर देवानंच त्याला मोकळं करावं. मंगल, माझी बायको, फणकारली, "पोरीची बारावी हाय. देवाला म्हणावं, तूच ये हिकडं." मी हसलो खरा, पण प्रश्न तसाच राहिला. घर मोडून जायचं का आबांची गादी मोडू द्यायची? मला काही म्हणता काही सुचेना. जेवण जाईना. शेवटी सिदूला म्हटलं, "कौल लाव गड्या, आन् मला मोबाइलवर दाव. देव सांगंल तसं."

रविवारी सकाळी सिदूनं पाकळ्या लावल्या. "थोरल्यानं माघारी यावं का?" मी दुकानाचं शटर अर्धं ओढून मोबाइलपुढं बसलो. तासभर गेला. पाकळ्या जागच्या हलेनात. दुसरा तासही गेला. मी चक्क हात जोडले. बाबा रे, उजवी पाड, डावी पाड, मी कुरकुर करणार नाही, पण काहीतरी पाड! इतकी वर्षं ज्याच्या हुकमाला शिव्या दिल्या, त्याच्या हुकमासाठी मी भीक मागत होतो. "दादा, देव बोलंना रं," सिदू म्हणाला, आणि त्याची चार्जिंग संपली.

दुसऱ्या दिवशी सकाळीच त्याचा फोन आला. "दादा, देऊळ उघडलं तर दोन्ही पाकळ्या खाली पडल्याल्या. आदी कंची पडली, कोन सांगणार? परत कौल लावू का, म्हनलं तर आई नगं म्हनती." आता कुणाला विचारायचं?

तेवढ्यात आईनं त्याच्याकडून फोन घेतला. "तवा तुला धाडताना देवाला इचारलं. मला कुनी इचारलं व्हय? आता मी सांगती. तू ये. ह्ये देवाचं न्हाई बाबा, माजं हाय."

देवाचा हुकूम असता तर रडत-कुढत का होईना, निघालो असतो, आणि मंगलला, पोरीला सांगितलं असतं की माझ्या हातात काही नाही. मधे धरायला आता देव उरला नाही. एवढी वर्षं घर म्हणजे जिथनं हुकूम येतो ती जागा. आणि आता तिथं एक म्हातारी फोन कानाला लावून माझ्या उत्तराची वाट बघत उभी.

"आवाज येतुय न्हवं?" तिनं विचारलं.

"येतुय आई," मी म्हणालो.