जाधवकाकांचा खुनी

पैज माझा मित्र सुन्यानं लावली आणि मी गाढवासारखा ती घेऊन बसलो. "नवीन कादंबरी आली की शेवटची चार पानं फाडून दाखव!" नाशिक रोडच्या आमच्या वाचनालयातले किस्से असेच साठत गेले, आणि निम्म्यांत मी आहे. नववी नापास झाल्यापासून माझा मुक्काम तिथंच असायचा.

*

कादंबरी म्हणजे कारखानीसांची. खुनाच्या गोष्टी लिहायचे. वर्षभर सगळे त्यांना शिव्या घालायचे आणि नवीन पुस्तकाची जाहिरात आली की नंबर लावायला पळायचे.

कुलकर्णी सर म्हणाले, "संपला हा माणूस. मागच्यात चाळिसाव्या पानावर खुनी कळला."

"मग तुमचं नाव खोडू?" वाचनालयाच्या बाईंनी विचारलं.

"खोडता कशाला? कितवा नंबर आहे माझा?"

"पहिला!"

*

शिंदेकाकूंची तक्रार वेगळीच. "चार खून झाले, आणि इन्स्पेक्टर नुसता चहा पितोय!" तरी पुस्तक येणार त्या आठवड्यात त्यांनी माहेरी जाणं रद्द केलं. भाऊ न्यायला आला होता. त्याला म्हणाल्या, "तू हो पुढं!"

*

आमच्याकडे एक अंदाजवही होती. शंभराव्या पानावर थांबायचं, खुनी कोण ते वहीत लिहायचं, मगच पुढं वाचायचं. नोटांच्या प्रेसमधून रिटायर झालेले जाधवकाका दर वेळी लिहायचे आणि दर वेळी चुकायचे. एकदा त्यांनी ठरवलेला खुनी पुढच्याच पानावर मेला! मी वहीत त्याच्या नावाला हार काढला. सगळ्यात जास्त काकाच हसले.

*

मग काकांना कॅन्सर निघाला. डॉक्टरांनी घरी न्यायला सांगितलं. काकांचा नंबर अकरावा. सारखा निरोप यायचा, "आलं का रे? एकदा तरी माझं बरोबर यायला पाहिजे."

पुस्तक आलं त्या दिवशी कुलकर्णी सरांनी स्वतःचं नाव खोडलं. "आधी जाधवांना द्या." मधल्या नऊ जणांनीही मान डोलावली. आमच्याकडे नंबर कोणी सख्ख्या भावाला सोडत नाही!

पुस्तक आधी काकांकडे जाणार हे मला कुठं माहीत? पार्सल मीच उघडलं होतं. चार पानं फाडून पैज तेव्हाच जिंकून बसलो होतो.

*

दोन दिवसांत काकांचा अंदाज वहीत लिहायला आला, आणि चार दिवसांनी त्यांचाच निरोप, पुस्तकाला शेवटच नाही. बाई छापणाऱ्यावर भडकल्या. गावात दुसरी कॉपी मिळेना.

पानं शर्टात घालून मी काकांकडे गेलो. 'सापडली' म्हणणार होतो. काका पार काडी झाले होते. डोळे मिटलेलेच.

"शेवट कळला का रे कोणाला?"

"मला कळला."

"मेहुणा ना?"

मेहुणा नव्हता. डॉक्टर होता.

"मेहुणाच, काका."

"अगं, ऐकलंस का! बरोबर आला माझा!"

जाधवकाकूंनी माझ्या हातावर साखर ठेवली. दोन दिवसांनी काका गेले.

*

दहाव्यावरून सगळे वाचनालयात आले. जाधवकाकूंच्या सांगण्यावरून बाईंनी अंदाजवहीत काकांच्या नावापुढं लाल पेनानं बरोबरची खूण केली होती.

कुलकर्णी सरांनी तोपर्यंत पुण्याहून कॉपी मागवून वाचली होती. वही बघून ते थबकले. "बाई, खुनी डॉक्टर आहे. मेहुणा कोणी सांगितला जाधवांना?"



"मी," मी म्हणालो.

"तुला काय माहीत? त्या पुस्तकात शेवटच नव्हता!"

मी तेव्हापासून शर्टात बाळगलेली चार पानं काढली आणि वहीवर ठेवली.