घट्ट साचा

मी लष्करात अकरा वर्षं नर्सिंग ऑफिसर होते. कॅप्टन म्हणून बाहेर पडले. नव्वदच्या दशकात यजमानांची बदली कोबेला झाली आणि मीही गेले. नोकरीतल्या पोस्टिंगांबद्दल लोक विचारतात तेव्हा मी भरभरून बोलते. कोबेचं मात्र परत आल्यापासून कुणाला सांगितलं नाही.

शेजारी मोरिता-सान राहायचे. वय त्र्याहत्तर. तरुणपणी चार वर्षं शिपाई होते. मी कॅप्टन होते हे कळल्यापासून रोज ०७०० वाजता कचऱ्याच्या जागी मला कडक सॅल्यूट. तिथे ज्या त्या दिवशी ठरलेल्या प्रकारचाच कचरा टाकायचा.

"तैई-सान, आज जळणारा कचरा! बाटली परत न्या!"

तैई म्हणजे त्यांच्या जुन्या फौजेतला कॅप्टन, आणि सान म्हणजे आपलं 'साहेब', 'बाई'.

त्यांच्याकडे आजोबांचं तोड्याचं पिस्तूल होतं. पेटत्या वातीने बार उडवायचा, असलं जुनं हत्यार. रीतसर नोंदलेलं, परवान्याचं. अशा हत्यारांचा तिथे क्लब होता. शिशाच्या गोळ्या ज्याने त्याने घरीच ओतायच्या. पिस्तुलाला हात लावायची मला परवानगी नव्हती, ओतकाम चालायचं. मोरिता-सानांना मोतीबिंदूमुळे जवळचं बारीक दिसत नसे, म्हणून दर शनिवारी १४०० वाजता मी त्यांच्या अंगणात हजर. शिसं वितळवायचं, वरची मळी काढायची, साच्यात ओतायचं, गार झालेली गोळी व्हर्नियरने मोजायची.

तिथली रीत अशी, की कारागीर हत्यार घडवतानाच त्याचा साचाही घडवतो. दोन हत्यारं सारखी नसतात. साचा पिस्तुलाबरोबरच वारसाकडे जातो. आजोबांच्या साच्याची गोळी भरायची ११.२ मिलिमीटर आणि नळी ११.८. मला हे भोंगळ वाटलं, बरं का. आपलं लष्करी डोकं. मी कॅटलॉगमधून ११.५ चा साचा मागवला.

"एवढी सैल गोळी नेम काय धरणार?" मी म्हणाले.

"भोवती चिंधी असते, तैई-सान. शिवाय दर बाराला नळीत काजळी साठते, तिला जागा लागते. माझे आजोबा आळशी नव्हते."

तरी माझ्या हट्टाखातर रेंजवर त्यांनी माझ्या तीन गोळ्या मारून पाहिल्या. नळी स्वच्छ होती. तिन्ही निशाणाच्या मधल्या काळ्या वर्तुळात.

"बघा!"

"कॅप्टनपुढे शिपाई काय बोलणार?" ते हसले. "पण सामन्याला आजोबांच्याच."

ऑक्टोबरात सामना होता. मोतीबिंदू वाढला होता, तेव्हा हा शेवटचा, हे त्यांनी ठरवलेलं. आजोबांच्या पिस्तुलाने तेरा गोळ्यांचा एक डाव पुरा करायचा. बाकी काही नको होतं त्यांना. सकाळी गोळ्यांचा डबा मी भरला. आजोबांच्या साच्याच्या गोळ्या बाजूला ठेवल्या आणि माझ्या घातल्या. त्यांना चांगले मार्क मिळावेत म्हणून, असं तेव्हा स्वतःला सांगितलं. खरं तर मला बरोबर ठरायचं होतं.

०९३० ला सुरुवात. सहा गोळ्या नीट गेल्या. सातवी गजाने ठासताना अर्ध्यावर अडकली. काजळीने नळी अरुंद झाली होती. दारू आणि गोळीमध्ये अशी पोकळी राहून बार उडाला, तर नळी फुटते. तसे फुटलेले हात मी ड्रेस केले आहेत.

"फायर बंद! वाती विझवा! सगळे मागे!" रेंज ऑफिसर कावाई-सान ओरडले. पिस्तूल ताब्यात घेऊन त्यांनी विचारलं, "गोळी कुणी निवडली?"

मोरिता-सानांनी डब्यातली एक गोळी चिमटीत फिरवली. माझ्याकडे पाहिलं. मी दोन पावलांवर उभी.

"मी," ते म्हणाले.

"वर्षभर बंदी."

"हाय." म्हणजे जपानीत, होय.

वॉर्डात नव्या मुलींना मी पहिल्याच दिवशी सांगायचे, चूक झाली की आधी रिपोर्ट, रडणं नंतर. त्या दिवशी मी रिपोर्ट केला नाही. परतीच्या ट्रेनमध्ये मोरिता-सानांकडेही नाही. त्यांनीच विचारलं, "उभं राहून पाय दुखले का, तैई-सान?"

घरी यजमानांना सगळं सांगितलं. ते म्हणाले, "मोरिता-सानांना सांगितलंस?"

"उद्या सांगते."

तो उद्या फेब्रुवारीपर्यंत लांबला. फेब्रुवारीत मोरिता-सान न्यूमोनियाने गेले. हॉस्पिटलात नेलं त्या सकाळपर्यंत सॅल्यूट चुकला नव्हता.

एप्रिलमध्ये क्लबने गेलेल्या सभासदांची नावं वाचली आणि बिनगोळीचे बार काढून मानवंदना दिली. धूर विरल्यावर मी कावाई-सानांपुढे अटेंशनमध्ये उभी राहिले.

"साचा माझा होता. गोळ्या मी बदलल्या."

"ठाऊक आहे," ते म्हणाले. "त्यांच्या साच्याची गोळी आम्ही वीस वर्षं पाहतोय. मी तेव्हाच त्यांना विचारलं होतं. म्हणाले, तैई-सान स्वतः सांगतील, थांबा."

मी म्हटलं, मग नोंद बदला.

"हरकत त्याच दिवशी घ्यायची असते."

क्लबच्या वहीत त्यांच्या शेवटच्या सामन्यापुढे लिहिलंय : सहा गोळ्या मारल्या, सातवी अडकली, चूक नेमबाजाची. तिथे मला काही खोडता येत नाही. म्हणून इथे लिहिते.

मोरिता-सान, शिपाई. चूक कॅप्टनची होती.