तेलाचा डाग

खामगावात आमच्या शेजारी राहणाऱ्या भाऊंना कुठलीही गोष्ट वाढवून सांगितल्याशिवाय चैन पडत नसे. पिंपळगाव राजा या गावच्या शेतात दिसलेला हातभर साप आमच्या ओसरीवर येईपर्यंत पुरुषभर होई.

भाऊंना बिनतारी संदेशांचा नाद होता. त्यांच्या ॲम्प्लिफायरचा काटा दहा वॅट दाखवी, पण त्यावर त्यांचा भरवसा नव्हता. एरियल सोडवून तिथे ते मोटारीचा दिवा लावत. तसाच दुसरा दिवा समोर बॅटरीवर पेटवत आणि मधे भज्यांचा तेलकट कागद धरत. बॅटरीचा दिवा कमीजास्त करता करता दोन्ही उजेड सारखे झाले, की कागदावरचा डाग दिसेनासा होई. मग बॅटरीच्या दिव्याचे वॅट मोजायचे, तेच ॲम्प्लिफायरचे खरे वॅट.

एकदा जबलपूरच्या कुणा अनोळखी हौशी माणसाने बिनतारीवरून विचारलं, ‘झकास ऐकू येतंय, किती वॅट?’ डागाच्या हिशेबाने सहाच भरले होते.

मी म्हटलं, "दहा सांगा ना भाऊ. तिथून कोन पाहाले येते?"

भाऊंनी मोर्सच्या चावीवर खटखट करून सहाच कळवले.

"मी वाढवून सांगतो हे साऱ्या गावाले ठाव हाये बे," ते म्हणाले. "त्या मानसाले काय ठाव?"