चपला बाहेर होत्या म्हणून बरं

मैत्रिणींनो, आज मी साधूच्या खोलीत कोंडले गेले!

नेपरव्हिलहून लेकाने मला नि नातीला जुना ख्रिस्ती मठ बघायला नेलं होतं. पुढे तिथे कुणा श्रीमंताचा बंगला झाला, आता म्युझियम आहे. पण देवाची जागा ती देवाचीच ना? साधूच्या खोलीबाहेर मी चपला काढल्या. "आई, अमेरिकेत असं करत नाहीत गं!" म्हणत लेक कॅमेऱ्यात रोल भरायला गेला.

मी आत गेले नि दार धाडकन लागलं. कडी हलेना. भिंती हातभर जाड, हाका कुणाला ऐकू जाणार? रडूच फुटलं.

तेवढ्यात दाराच्या फटीतून नातीचा आवाज आला, "डॅडी, लुक, आजीच्या चपला!"

दार उघडलं. लेकाने वाकून चपला माझ्या पायाशी ठेवल्या. मला हसू आवरेना.

तुम्ही इथे कुठे कुठे चपला काढता गं?